बेतानं पळणारा घोडा

एन्ड्युरन्स राईडमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत, आळशी घोड्यापेक्षा हौशी घोडाच जास्त वेळा अर्ध्यावर बाद होतो. आळशी घोडा रडतखडत का होईना, पोचतो. हौशी घोडा पहिल्या टप्प्यात सगळ्यांच्या पुढे असतो, दुसऱ्या टप्प्यात घामानं निथळतो आणि पशुवैद्याच्या तिसऱ्या तपासणीला त्याच्या हृदयाचे ठोके खाली यायला तयार नसतात. स्वार सांगतो, "अहो, त्याला पळायचंच होतं!" त्याला पळायचं होतं हे खरं आहे. पण किती किलोमीटर पळायचंय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ते सांगणं हे स्वाराचंच काम.

कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही या प्रकारातली सर्वांत नावाजलेली राईड. १९५५ साली वेन्डेल रोबी आणि त्याच्या साथीदारांनी सिएरा नेव्हाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्नपर्यंत शंभर मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, एका दिवसात घोड्यावरून जाऊन दाखवलं, तिथून ती सुरू झाली. पहाटे सव्वापाचला निघायचं, २४ तासांत पोचायचं, मध्ये एकेका तासाच्या दोन सक्तीच्या विश्रांती. उरले २२ तास. भागाकार केलात तर ताशी सव्वासात किलोमीटरचा वेग पुरतो. चांगला घोडा नुसता झपझप चालला तरी ताशी सहा-सात किलोमीटर काढतो. तरीही बहुतेक वर्षी निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच घोडे शेवट गाठतात. डोंगर, दऱ्यांमधली दुपारची काहिली, अंधारातल्या पायवाटा ही कारणं आहेतच. पण पहाटेच्या गारव्यात, गर्दीच्या जोशात वाया घालवलेली ताकद दुपारी दरीतल्या चढावर हवी असते आणि तेव्हा ती नसते. याच राईडमध्ये १९६४ पासून हॅगिन कप दिला जातो. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत उत्तम तब्येतीत असेल, त्याला तो मिळतो. जुन्या स्वारांशी बोललात तर पहिल्या नंबरापेक्षा या कपाबद्दल ते जास्त आदरानं बोलतात.

आपल्याकडे एक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली एन्ड्युरन्स चालतं. नवखा स्वार ४० किलोमीटरपासून सुरुवात करतो. मैदानात मारवाडी आणि काठियावाडी घोडे भरपूर दिसतात, आणि हे घोडे जात्याच तापट, चटकन पेटणारे. त्यातून आपली घोडा निवडायची रीतही जोशाच्याच बाजूची. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडा बघायला उभे राहा. मान कमानीसारखी ताणून, तोंडाला फेस आणून जागच्या जागी थयथयाट करणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते आणि बोली चढते. शांत उभ्या असलेल्या घोड्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. असा घोडा घरी आणून त्याच्यावर ४० किलोमीटर जायचं म्हणजे जी गोष्ट बघून पैसे मोजले, तीच आधी उतरवावी लागते.

शरीरात काय घडतं ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की हात आपोआप शहाणे होतात. घोड्याच्या स्नायूंना जळण दोन प्रकारचं: चरबी आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर. चरबीचा साठा दांडगा असतो, पण ती जाळायला प्राणवायू लागतो. वेग प्राणवायूच्या पुरवठ्यापुढे गेला की शरीर साखरेवर तुटून पडतं आणि स्नायूंत आम्ल साठू लागतं. उभ्या, निवांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात. एकसारख्या दुडक्या चालीत ते ११० ते १४० च्या दरम्यान राहतात. १५०-१६० च्या वर बराच वेळ राहिले, तर समजा घोडा साखर उधळतोय. आणि घोड्याच्या बाबतीत एक वाईट गोष्ट अशी की, रिकामा झालेला हा साठा पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. सकाळी पहिल्या पाच किलोमीटरांत उडवलेली साखर दुपारच्या विश्रांतीत गवत खाऊन परत मिळत नाही.

दुसरं, उष्णता. स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला घोडा घाम गाळतो. गरम हवेत, कष्टात, तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत. हा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. पाण्याबरोबर मीठही गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही, आणि मेंदूला तहानेचा निरोपच पोचत नाही. पाण्याची सर्वांत जास्त गरज असलेला घोडा म्हणूनच पाण्याच्या बादलीकडे तोंड फिरवून उभा राहतो. नाचत, ओढत, मान वर करून धावणारा घोडा त्याच वेगानं शांत धावणाऱ्यापेक्षा जास्त ठोके, जास्त घाम आणि जास्त साखर खर्च करतो. छातीला पट्टा बांधायचा हार्टरेट मॉनिटर मिळाला तर एकदा लावून बघा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, एकदा सोबतीला घोडे घेऊन आणि एकदा एकट्यानं जा. आकड्यांतला फरक पाहिलात की पुढचं सगळं कशासाठी, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

शिकवायला बसण्याआधी घोडा का ओढतो, हे शोधा. सगळी घाई हौसेपोटी नसते. दात तपासून घ्या. दाढांच्या धारदार कडा गालाला कापत असतील तर घोडा लगामापासून पळतो आणि आपल्याला तो पुढे पळतोय असं वाटतं. खोगीर पाठीच्या कण्यावर टेकत असेल तरी तेच होतं. एन्ड्युरन्सच्या घोड्यांत जठरातले व्रण फार आढळतात. रिकाम्या पोटी पळताना आम्ल उसळून जठराच्या वरच्या, नाजूक भागाला लागतं. तंग आवळताना कान मागे पाडणारा, खाण्यात निवड करणारा, निघताच उधळणारा घोडा दिसला तर पशुवैद्याला दाखवा. मग खाणं बघा. दिवसाला एक तास फिरणाऱ्या घोड्याला शर्यतीच्या घोड्यासारखे चणे आणि ओट्स चारले जात असतील, तर ती ताकद कुठे तरी निघणारच. वैरण वाढवा, दाणा कमी करा, जमल्यास थोडं तेल घाला. आणि घोडा दिवसाचे २२ तास बांधून ठेवत असाल, तर खालचं काही वाचण्याआधी त्याला मोकळं सोडायची सोय करा.

ओढणाऱ्या घोड्यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे जास्त कडक लगाम. काटेरी कड्या अजूनही बाजारात मिळतात, बाजारात घोडा घेताना तोंडात घालूनही देतात. ते बेकायदा आहे. १९६५ च्या ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांबाबतच्या क्रूरता प्रतिबंधक नियमांत स्वारीसाठीसुद्धा काटेरी लगाम वापरायला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तो उपाय चालत नाही. तोंडात दुखलं की घोडा मान वर फेकतो, पाठ खाली दाबतो, मागचे पाय शरीराखाली यायचे थांबतात. आता तो तुमच्या हातात असतो तो फक्त काही वेळ, आणि त्या वेळात त्याची प्रत्येक ढांग महाग पडत असते. गुळगुळीत, साधी, दोन तुकड्यांत जोडलेली कडी पुरते. ज्या घोड्याला वरातीत नाचायला शिकवलंय त्याचा अजून एक घोळ असतो. आखडलेला लगाम आणि टाच एकत्र आले की त्यानं नाचायचं, असं त्याच्या अंगात भिनलेलं. तुम्ही थांब म्हणून लगाम आखडता, आपली मांड टिकवायला पाय आवळता, आणि तो बिचारा शिकवलेलं काम चोख करतो. अशा घोड्याला आधी उभं राहायला शिकवा, लगाम सैल आणि पाय सैल ठेवून. त्यात दोन आठवडे गेले तर जाऊ द्या.

आता मुख्य गोष्ट. घोड्याला ओढायला दुसऱ्या टोकाला कुणी तरी ओढणारा लागतो. रस्सीखेच एकट्यानं खेळता येत नाही. तुम्ही दोन्ही लगाम सतत ताणून धरलेत की घोडा त्यावर अंग टाकून धावतो आणि साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावरापुढे तुमचे हात अर्ध्या तासात हरतात. म्हणून धरायचं ते क्षणभर आणि सोडायचं ते पूर्ण. श्वास बाहेर सोडा, पाठ सरळ करून वजन खाली बसू द्या, बोटं मिटा. घोड्यानं किंचित जरी गती कमी केली, कान जरी तुमच्याकडे वळवला, तरी त्याच क्षणी बोटं उघडा. लगाम लोंबू द्या. तो पुन्हा वाढवेल, तुम्ही पुन्हा हेच करा. पहिल्या दिवशी शंभर मीटरांत वीस वेळा करावं लागेल. यातली शिकवण सोडण्यात असते, धरण्यात नाही. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: घोडा हळू झाला तरी पुन्हा जाईल या भीतीनं बोटं मिटलेलीच राहतात. मग हळू होऊन त्याला मिळालं काय?

दोन्ही लगाम एकदम धरून भागत नसेल तर एकच धरा. डावा लगाम हलकेच बाजूला उघडून घोड्याला सहा-सात मीटरच्या वर्तुळात वळवा. मान वळलेला घोडा सरळ ढकलू शकत नाही. वर्तुळ संपेपर्यंत तो थोडा सैलावतो. सैलावला की सरळ, लगाम लांब. दर वेळी त्याच बाजूला वळवू नका, आणि चिंचोळ्या पायवाटेवर, उतारावर, ओल्या मुरमावर हा प्रकार करूच नका.

दुडकी चाल ही एन्ड्युरन्सची रोजची भाकरी, म्हणून तिच्यात तीन वेग शिकवा. सपाट, मऊ रस्ता निवडा, मोबाइलवरचं जीपीएस लावा. संथ दुडकी म्हणजे ताशी दहाच्या आसपास, मधली तेरा, मोठी पंधरा-सोळा. हे आकडे ढोबळ आहेत. उंची, जात, पायांची लांबी यांवर ते बदलतील. प्रत्येक वेगासाठी वेगळा शब्द ठेवा आणि तोच वापरा. बोलण्याचा सूर शब्दापेक्षा महत्त्वाचा. हळू करताना शब्द लांबवून, खालच्या पट्टीत. त्याहून मोठं साधन म्हणजे तुमचं उठणं-बसणं. दुडकीत आपण रिकिबीत उठतो आणि बसतो. तो ठेका तुम्ही घोड्याच्या पायांशी जुळवता, तसा घोडाही तुमच्याशी जुळवतो. उठणं जाणीवपूर्वक संथ करा, वर थोडं थांबून बसा. काही ढांगांत बहुतेक घोडे त्या ठेक्यावर येतात. मनात एखाद्या भजनाचा ठेका धरून बघा. ज्याला ताल कळतो त्याला हे चटकन जमतं. दर दीड-दोन किलोमीटरला उठण्याचा पाय बदला, म्हणजे डाव्या पुढच्या पायाबरोबर उठत असाल तर उजव्याबरोबर. नाही तर घोड्याची एकच बाजू थकते, आणि एका बाजूनं थकलेला घोडा वाकडा धावू लागतो.

इथे एक इशारा. हळू शिकवायचं म्हणजे शक्य तितकं हळू असं नव्हे. हॉइट आणि टेलर यांनी १९८१ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. फिरत्या पट्ट्यावर घोड्यांना चालवून, दुडकवून, पळवून त्यांनी प्राणवायूचा खर्च मोजला. प्रत्येक चालीत एक वेग असा सापडला की त्यात दर मीटरमागे खर्च सर्वांत कमी येतो, आणि मोकळे सोडलेले घोडे आपणहून त्याच वेगाच्या आसपास राहतात. म्हणजे घोड्याला त्याच्या सोयीच्या दुडकीखाली दाबून ठेवलंत तर तोही खर्चच आहे. तुमच्या घोड्याचा तो वेग शोधा. एकटा असताना, घरापासून दूर जाताना, लगाम लांब असताना तो जी दुडकी स्वतः धरतो आणि ज्यात ठोके स्थिर राहतात, तीच. बऱ्याच हौशी घोड्यांचा हा वेग स्वाराला वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त असतो. तेव्हा भांडण वेगाशी नसतं, घाबरटपणाशी असतं.

कारण बहुतेक हौस ही कळपाची भीती असते. आपल्यापुढे घोडे निघून चालले, हे कळपात राहणाऱ्या जनावरासाठी संकटच. ते संकट घरी, लहान डोसात द्या. दोन शहाणे सोबती मिळवा. तिघांनी एकामागे एक चालत निघायचं, मागच्यानं दुडकीत पुढे यायचं, मग नव्या शेवटच्यानं. तुमच्या घोड्याला रोज पुढे राहणं, मध्ये राहणं आणि शेवटी राहणं, तिन्ही आलं पाहिजे. शेवटी राहणं सर्वांत अवघड, म्हणून त्याचा सराव सर्वांत जास्त. मग सोबत्यांना शंभर मीटर पुढे जाऊ द्या, तुम्ही उभे राहा. तो चुळबुळला तर हरकत नाही, चारी पाय थांबले की मानेवर थाप. हळूहळू अंतर वाढवा, पुढे ते वळणाआड दिसेनासे होऊ द्या. शेवटी फाट्यावर दोघं डावीकडे, तुम्ही उजवीकडे. घरी परतताना शेवटचे दोन किलोमीटर नेहमी चालत, न चुकता. घराकडे तोंड करून पळायची सवय एकदा लागली की मोडायला वर्ष जातं.

आपल्याकडे बरेच नर घोडे खच्ची न केलेले असतात. असा घोडा घोड्यांच्या गर्दीत, त्यात माजावर आलेली घोडी असेल तर, दुसऱ्याच कारणानं पेटलेला असतो, आणि वरचे सगळे उपाय तिथे अपुरे पडतात. पैदाशीचा बेत नसेल तर खच्चीकरणाबद्दल पशुवैद्याशी बोला. मिशीची शान थोडी कमी होईल म्हणून लोक टाळतात.

सरावाच्या आखणीत हौशी घोडा एक सापळा लावतो. हृदय काही आठवड्यांत तयार होतं, स्नायू काही महिन्यांत. पण स्नायुबंध, खुरांच्या आतली रचना आणि हाडं यांना खूप जास्त काळ लागतो. घोडा तिसऱ्याच महिन्यात तयार दिसतो, अजून मागतो, आणि तुम्ही देता. त्याचं मन तयार असतं, पायांचे स्नायुबंध नसतात. म्हणून पहिले तीन-चार महिने लांब, संथ अंतर. आठवड्यातून तीन-चार दिवस, त्यातला एकच दिवस लांबचा, आणि त्यातलंही बरंचसं चालत. वेग सर्वांत शेवटी वाढवा, तोही चढावर, कारण चढावर कमी वेगातही हृदयाला काम मिळतं आणि पायांना हिसके कमी बसतात. निघण्याआधी गोल फिरवून किंवा पळवून 'त्याची रग जिरवण्याचा' प्रकार काही जण करतात. त्यानं घोडा आणखी तंदुरुस्त होतो आणि पुढच्या आठवड्यात रग जिरवायला आणखी जास्त वेळ लागतो! धनगरांचे घोडे पाहिलेत का? भीमा-नीरेच्या खोऱ्यातले हे काटक घोडे, ज्यांना भीमथडी म्हणतात, ओझं पाठीवर घेऊन मेंढरांच्या गतीनं दिवसभर चालतात. घाई कशाशी खातात ते त्यांना माहीत नसतं. घोडा घेताना मला तसा एखादा वाढलेला सापडला तर मारवाडी घोड्याच्या ऐटदार रेवाल चालीवर पाणी सोडून तोच घेईन.

मॉनिटर नसला तरी नाडी मोजता आली पाहिजे. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा, किंवा जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून जाणारी शीर बोटाखाली शोधा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. सरावात चढ चढून वर आल्यावर थांबा आणि मोजा. दोन मिनिटांत ठोके शंभराच्या खाली आले तर वेग बरोबर होता. दहा मिनिटांनी साठीच्या घरात आले तर उत्तम. आले नाहीत तर पुढच्या वेळी तो चढ चालत. वही ठेवा: तारीख, हवा, अंतर, ठोके. घोडा शिकतोय की नुसता तंदुरुस्त होतोय, हे त्या वहीतच दिसतं.

आता राईडचा दिवस. शक्यतो आदल्या दुपारीच पोचा. घोड्याला जागा, आवाज, दुसरे घोडे पाहू द्या. रात्रभर वैरण समोर असू द्या. सकाळीही गवत खाऊनच निघू द्या, पोट रिकामं ठेवू नका. सुरुवातीच्या रेषेपासून लांब, घोड्यावर न बसता त्याला हातानं धरून चालवा. आणि हा माझा सर्वांत ठाम सल्ला: सगळ्यांबरोबर निघू नका. किती मिनिटं उशिरा निघता येतं ते पंचांना आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि जवळजवळ तेवढ्या उशिरानं निघा. टापांचा आवाज विरला, धूळ बसली की निवांत चालत रेषा ओलांडा. पहिलं सव्वा-दीड किलोमीटर चालत, मग संथ दुडकी. पाच-दहा मिनिटं गमावल्याचं वाईट वाटून घेऊ नका. वरचा भागाकार आठवा. सोबत हवीच असेल तर तुमच्याच वेगाचा, अनुभवी, मख्ख घोडा शोधा आणि त्याच्या स्वाराशी आधीच बोलून ठेवा. पुढे गेलेल्या घोळक्यापैकी कुणी दिसलं की तुमचा घोडा पुन्हा पेटेल. तेव्हा खाली उतरा आणि दोनशे मीटर त्याच्याबरोबर चाला. जमिनीवर उभा असलेला मालक त्याला ओळखीचा असतो.

पहिल्या पाणवठ्यावर हौशी घोडा बहुतेक वेळा पाणी पीत नाही. त्याच्या डोक्यात पुढचे घोडे असतात. लगाम सैल सोडा, दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा, त्याला पाण्यात पाय घालू द्या, स्पंज भिजवून मानेवर फिरवा. दुसरा घोडा पीत असेल तर त्याचं होईपर्यंत थांबा. ही शिष्टाई आहे आणि त्याच्यासाठी उदाहरणही. घोडा पाणी पीत नसताना त्याच्या तोंडात मिठाची पेस्ट मारू नका, मीठ पाण्याबरोबरच कामाचं. वाटेत हिरवं गवत दिसलं तर चार घास घेऊ द्या. पाणी पिणं, चारा खाणं, उभं राहणं, ही सगळी त्याच्यासाठी वेग वाटून घ्यायचीच तालीम असते. सरावाच्या दिवशी ती केली नसेल तर राईडला ती होणार नाही.

तपासणीच्या फाटकापाशी खरा हिशेब होतो. आंतरराष्ट्रीय नियमांत एक टप्पा ४० किलोमीटरपेक्षा मोठा नसतो आणि प्रत्येक टप्प्यानंतर घोड्याचे ठोके ठरावीक वेळेत, साधारण १५ मिनिटांत, ६४ किंवा त्याहून खाली यावे लागतात. नियम दर वर्षी थोडे बदलतात, तेव्हा माहितीपत्रक वाचा. शेवटचा एक किलोमीटर चालत या, तंग सैल करा, आत शिरताच पाणी ओता: मान, छाती, मागच्या पायांच्या आत. पाणी पुन्हा पुन्हा ओतत राहा.  मग डॉक्टर घोड्याला दुडकवून पाहतात. अनेक ठिकाणी ठोके मोजून, जाऊन-येऊन मिळून साधारण ७५ मीटर दुडकवतात आणि पहिल्या मोजणीपासून एक मिनिटानं पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याइतकाच किंवा कमी असेल तर घोड्यात दम आहे. दुसरा आकडा सात-आठनं वाढला तर त्याचं ऐका. हौशी घोड्याची इथली अडचण वेगळी असते. जोडीदार घोडा दूर नेला की तो खिंकाळतो आणि ठोके ६४ च्या वरच अडकून बसतात. त्यावर उपाय घरचाच. गावच्या यात्रेच्या, बाजाराच्या दिवशी लांब, सुरक्षित कडेला त्याला गवत देऊन बांधून उभं करा. लाउडस्पीकर, माणसं, दुसरी जनावरं हे सगळं समोर असताना तो खाऊ लागला की फाटकातही खाईल.

दमट हवा हा आपला खास शत्रू. २०१८ साली अमेरिकेतल्या ट्रायन इथे जागतिक स्पर्धेतली एन्ड्युरन्सची फेरी उष्णता आणि दमटपणामुळे मध्येच रद्द करावी लागली. तिथे जगातले सर्वोत्तम तयारीचे घोडे होते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामानं अंग थंड होत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या आसपास ऑक्टोबरमध्ये सराव करत असाल तर पहाटे निघा आणि घड्याळापेक्षा घोड्याच्या श्वासाकडे जास्त बघा.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती उलटी आहे. ४०-५० किलोमीटर झाल्यावर ओढणारा घोडा अचानक शांत झाला, लगाम सैल पडला, कान बाजूला लोंबले, तर आनंदू नका. स्वार म्हणतो, "आता कसा ताळ्यावर आला!" तो ताळ्यावर आलेला नसतो. बहुतेक वेळा तो रिकामा झालेला असतो. ॲड्रिनलिन आतापर्यंत थकवा आणि कधी कधी पायाचं दुखणंही झाकत होतं, ते ओसरलं. उतरा. हिरड्यांवर बोट दाबून सोडा. रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट झाली पाहिजे. कूस ऐका, आतड्यांचा आवाज यायला हवा. बरगड्यांमागची कूस हृदयाच्या ठोक्याबरोबर फडफडत असेल, लघवी कॉफीसारखी गडद झाली असेल, मागचे पुठ्ठे दगडासारखे कडक झाले असतील, तर एक पाऊलही पुढे नाही. डॉक्टरला बोलवा, ट्रेलर मागवा. खरोखर शिकलेला घोडा शांत होतो तो पहिल्या पाच किलोमीटरांत, आणि पन्नासाव्या किलोमीटरला त्याचे कान पुढे असतात, तो वाटेतल्या झुडपाला तोंड मारतो, पाणी दिसलं की स्वतः थांबतो.

राईडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाहेर काढा, पाय चाचपा, उष्णता आणि सूज बघा, कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकवा. मग विश्रांती द्या, आठवडाभर चरू द्या, हलकं फिरवा. पुढचं अंतर वाढवायचं की नाही हे पदकावर ठरवू नका. पहिला टप्पा लांब लगामावर गेला असेल, तर पुढच्या वेळी ६० ला नाव द्या. हात अजून दुखत असतील, तर पुन्हा ४० च, आणि या वेळी आणखी पाच मिनिटं उशिरा निघा.